‘दुसऱ्या’ एचआयव्हीची तपासणी : कोणी, कधी आणि कशासाठी?

महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्यापासून बुधवार पेठेतील वेश्यावस्ती पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. पुणेकरांनी मनातल्या मनात मात्र हे अंतर फार मोठे करून ठेवले आहे. भाजीची पिशवी घेऊन मंडईत येणारा मध्यमवर्गीय त्या गल्ल्यांना वळसा घालून जातो आणि एचआयव्ही हा ‘तिकडचा’ आजार आहे, असे मानून निश्चिंत राहतो.

या समजुतीला पहिला तडा पुण्यातच गेला. भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या, म्हणजे ‘नारी’च्या, शास्त्रज्ञांनी १९९३ ते १९९६ या काळात शहरातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेश्याव्यवसायातील जवळपास निम्म्या स्त्रिया बाधित आढळल्या, याचे कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही. धक्का होता तो दुसऱ्या आकड्याचा. ज्यांचा या व्यवसायाशी काहीही संबंध नव्हता अशा स्त्रियांपैकीही १३.६ टक्के बाधित होत्या. त्यांतील बहुतेक जणी विवाहित आणि एकनिष्ठ होत्या. विषाणू त्यांच्यापर्यंत पतीकडून पोहोचला होता. धोका पत्त्यावरून ठरत नाही, हे या आकड्याने दाखवून दिले.

तपासणी करून घ्यावी की नाही, हा प्रश्न तेव्हापासून अनेक घरांत दबक्या आवाजात विचारला जातो. अलीकडे त्याला एक उपप्रश्न जोडला गेला आहे. इंटरनेटवर चार पाने वाचली की ‘एचआयव्ही-२’ हा शब्द भेटतो. हा दुर्मिळ प्रकार नेहमीच्या चाचणीत सापडत नाही, असेही कोठेतरी वाचनात येते. मग झालेल्या तपासणीवरचा विश्वास डळमळतो आणि ‘त्या’ प्रकाराची वेगळी तपासणी करावी का, अशी विचारणा सुरू होते.

याचे थोडक्यात उत्तर असे, की भारतात अधिकृत केंद्रावर होणारी साधी एचआयव्ही चाचणी दोन्ही प्रकारांचा शोध एकाच वेळी घेते. ज्याची चाचणी योग्य मुदतीनंतर निगेटिव्ह आली आहे, त्याला दुसऱ्या प्रकारासाठी निराळी तपासणी करण्याची गरज नाही. प्रकार कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो चाचणी पॉझिटिव्ह आल्यानंतर. आणि नेमके तेथेच तो विचारला जात नाही. असे का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

लिस्बन, पॅरिस, मुंबई

नेहमीच्या चाचणीतून विषाणू निसटतो, ही भीती अगदीच निराधार नाही. १९८५ च्या सुमारास ती खरी होती. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील रुग्णालयात पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्दे या पूर्वीच्या पोर्तुगीज वसाहतींतून आलेले काही रुग्ण होते. लक्षणे सगळी एड्सची, पण त्या वेळची चाचणी मात्र निगेटिव्ह. त्यांच्या रक्ताचे नमुने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत नेण्यात आले. तेथे ल्यूक माँटानिये यांच्या चमूने १९८६ मध्ये त्यातून एक निराळा विषाणू वेगळा केला. तोच एचआयव्ही-२. पहिला एचआयव्ही माणसात आला चिंपांझीकडून, तर दुसरा पश्चिम आफ्रिकेतील ‘सुटी मँगाबे’ या माकडांकडून. दोघांचे कुळ एक असले, तरी माणसात येण्याच्या वाटा वेगळ्या होत्या.

भारतात हा विषाणू पोहोचल्याची नोंद १९९१ मध्ये झाली. मुंबईतील डॉ. जे. के. मणियार आणि जर्मनीतील हेल्गा र्‍युब्सामेन-वाइगमन यांच्यासह काही संशोधकांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याविषयी टिपण प्रसिद्ध केले. त्यापूर्वी पाचच वर्षे, १९८६ मध्ये, चेन्नईत देशातील पहिले एचआयव्हीबाधित आढळले होते. म्हणजे दोन्ही विषाणू आपल्याकडे फारशा अंतराने आले नाहीत. पुढे महाराष्ट्र, गोवा, तमिळनाडू, आंध्र प्रदेश अशा राज्यांतून एचआयव्ही-२ च्या नोंदी होत राहिल्या. पश्चिम आफ्रिकेबाहेर या विषाणूने जिथे पाय रोवले, त्यांत पोर्तुगाल आणि भारताचा पश्चिम व दक्षिण भाग ठळकपणे दिसतात. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि गोमंतकीय माणसे लिस्बनपासून आफ्रिकेतील वसाहतींपर्यंत ये-जा करीत होती. या ये-जा करण्याचा विषाणूच्या प्रवासाशी संबंध असावा, असा तर्क अभ्यासक मांडतात. तर्क म्हणूनच तो वाचावा. त्यावरून एखाद्या समाजाकडे बोट दाखविण्याचे कारण नाही.

भारतातील बाधितांत या प्रकाराचे प्रमाण अगदी थोडे आहे. पुण्यासह देशभर बहुतांश रुग्णांत आढळतो तो एचआयव्ही-१ चा ‘सी’ हा उपप्रकार. येथे एक गोंधळ नेहमी होतो. ‘सी’ हा उपप्रकार आणि एचआयव्ही-२ हा प्रकार यांत फरक आहे. उपप्रकार कोणता, हे रुग्णाला माहीत असण्याची गरज नसते. प्रकार कोणता, हे मात्र माहीत असावे लागते.

हळू चालणारा, पण निरुपद्रवी नव्हे

एचआयव्ही-२ सौम्य असतो, असे सरसकट म्हटले जाते. त्यात निम्मे सत्य आहे. त्याचे रक्तातील प्रमाण कमी राहते, शरीरसंबंधातून तो तुलनेने कमी पसरतो आणि आईकडून बाळाला होण्याची शक्यताही बरीच कमी असते. औषध न घेतल्यास एचआयव्ही-१ शंभरांतील १५ ते ४५ बाळांपर्यंत पोहोचू शकतो. एचआयव्ही-२ बाबत हा आकडा चारच्या आत राहतो.

म्हणून तो काहीच करीत नाही, असे समजणे मात्र अंगाशी येईल. गिनी-बिसाऊमधील पोलिस कर्मचाऱ्यांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्गापासून एड्सपर्यंत पोहोचण्यास एचआयव्ही-१ मध्ये सरासरी सुमारे सहा वर्षे लागली, तर एचआयव्ही-२ मध्ये सुमारे चौदा. वेळ दुपटीहून अधिक लागला, पण शेवट निराळा नव्हता. पंचविशीत झालेला संसर्ग चाळिशीत, मुले शाळेत असताना, डोके वर काढू शकतो. तोपर्यंत माणूस धडधाकट असतो आणि तपासणीचा विचारही त्याच्या मनात येत नाही.

चाचणी काय पाहते?

शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे बोलीभाषेत ‘आयसीटीसी’त, रक्तातील प्रतिपिंडे तपासली जातात. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली ही द्रव्ये. पहिल्या संचावर प्रतिक्रिया आली नाही, तर अहवाल निगेटिव्ह. आली, तर आणखी दोन वेगळ्या बनावटीच्या संचांवर पडताळणी होते आणि तिन्ही जुळल्यानंतरच पॉझिटिव्ह असा निर्णय दिला जातो. हे संच एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ या दोहोंसाठी बनविलेले असतात. काही संचांवर दोन्ही प्रकारांसाठी स्वतंत्र ठिपके वा रेषा उमटतात.

लिस्बनच्या रुग्णांना चकवणारी चाचणी केव्हाच मागे पडली. आफ्रिकेतील कॅमेरून परिसरात आढळणारा एचआयव्ही-१ चा ‘ओ’ गटही १९९४ च्या सुमारास काही चाचण्यांना चकवत असल्याचे उघड झाले होते. त्यानंतर चाचण्यांत सुधारणा करण्यात आली. पुण्यातील एखाद्या माणसाने ‘ओ’ गटाच्या चिंतेने झोप उडवून घ्यावी, असे काही नाही.

मुदतीचा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यावा. संसर्गानंतर प्रतिपिंडे दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात. प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे एक प्रथिनही शोधते, त्यामुळे ती सुमारे ४५ दिवसांत विश्वासार्ह ठरते. ते प्रथिन एचआयव्ही-१ चे असते. दुसऱ्या प्रकारासाठी भिस्त प्रतिपिंडांवरच राहते. म्हणून ज्याला दोन्हींबाबत खात्री हवी, त्याने धोक्याच्या प्रसंगानंतर पूर्ण तीन महिन्यांनी चाचणी करावी. त्यानंतर ती निगेटिव्ह आली की विषय संपला. पाचव्यांदा, सहाव्यांदा, दर वेळी निराळ्या प्रयोगशाळेत जाऊन चाचणी करणारे लोक असतात. त्यांच्या मनातील प्रश्न विषाणूचा नसतो, तो अपराधी भावनेचा असतो. आणि त्यावर रक्ताची चाचणी हा इलाज नव्हे. केंद्रावरील समुपदेशकाशी मोकळेपणाने बोलणे अधिक उपयोगी पडेल.

येथे खासगी तपासण्यांच्या बाजाराविषयीही सांगितले पाहिजे. तीन महिने थांबण्याची तयारी नसलेली माणसे हजारो रुपये मोजून ‘पीसीआर’ करून घेतात. ही चाचणी थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते, म्हणून ती ‘सर्वांत पक्की’ असा समज आहे. बाजारातील बहुतेक पीसीआर चाचण्या केवळ एचआयव्ही-१ साठी असतात. ज्याला एचआयव्ही-२ ची धास्ती आहे, त्याने ती करून निगेटिव्ह अहवाल मिळविला, तर त्याच्या मूळ शंकेचे उत्तर त्यात नसतेच. पैसे देण्यापूर्वी ही चाचणी कोणत्या प्रकारासाठी आहे, असे विचारावे.

पॉझिटिव्ह आल्यानंतर

एचआयव्ही-१ व २ यांतील भेद खऱ्या अर्थाने जीवनमरणाचा होता तो औषधांच्या बाबतीत. १ एप्रिल २००४ पासून देशात शासनातर्फे मोफत औषधोपचार सुरू झाले. त्या काळातील नेहमीच्या तीन औषधांच्या गोळीत नेव्हिरॅपिन होते. पुढे त्याच वर्गातील एफाव्हिरेन्झ आले. हा सगळा वर्गच एचआयव्ही-२ पुढे निष्प्रभ आहे. विषाणूच्या एका विकरावर असलेल्या विशिष्ट खाचेत हे औषध किल्लीसारखे जाऊन बसते. दुसऱ्या विषाणूच्या विकरात ती खाचच निराळी आहे. कुलूप वेगळे, त्यामुळे किल्ली फिरत नाही. रुग्ण इमानेइतबारे तीन औषधे घेत असे आणि प्रत्यक्षात उपयोगी पडत दोनच. दोन औषधांवर हा विषाणू फार काळ दबून राहत नाही. तो त्यांना सरावतो आणि पुढचे पर्याय कमी होत जातात.

२०२० नंतर शासकीय कार्यक्रमात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही गोळी पहिल्या पसंतीची झाली. ती दोन्ही प्रकारांवर चालते. त्यामुळे प्रकार ओळखण्यात चूक झाल्यास पूर्वी जी किंमत मोजावी लागत असे, ती आता बरीच कमी झाली आहे. ही मोठीच दिलाशाची बाब म्हणावी लागेल.

तरीही प्रकार विचारण्याची दोन कारणे उरतात. पहिले कारण देखरेखीचे. औषध लागू पडते आहे की नाही, हे रक्तातील विषाणूंची संख्या मोजून, म्हणजे ‘व्हायरल लोड’ पाहून, ठरवतात. नेहमीची व्हायरल लोड चाचणी एचआयव्ही-१ चीच मोजदाद करते. समजा, एखाद्या गाळेधारकाला एचआयव्ही-२ चा संसर्ग आहे आणि त्याच्या कागदावर प्रकाराची नोंद नाही. त्याचा व्हायरल लोड दर वेळी ‘आढळला नाही’ असा येईल. औषध घेतले तरी तसा येईल, चुकवले तरी तसाच येईल. सगळे छान चालले आहे, असे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही वाटत राहील आणि दरम्यान प्रतिकारशक्ती दर्शविणाऱ्या सीडी-४ पेशी कमी होत जातील. अशा रुग्णावर सीडी-४ पेशींची संख्या आणि प्रकृती पाहूनच लक्ष ठेवावे लागते. उपचार सुरू नसताना व्हायरल लोड शून्यवत आणि सीडी-४ मात्र घसरत चाललेले, असे चित्र दिसले की एचआयव्ही-२ ची शंका घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

दुसरे कारण गरोदरपणाचे. एचआयव्हीबाधित आईच्या नवजात बाळाला संरक्षण म्हणून काही आठवडे औषध दिले जाते आणि त्यात नेव्हिरॅपिनचा वापर बराच होतो. आईला एचआयव्ही-२ असेल, तर या औषधाचा उपयोग नाही. त्याऐवजी झिडोव्हुडिन दिले जाते. बाळाच्या तपासणीचेही तसेच. सहाव्या आठवड्यात होणारी नेहमीची जनुकीय चाचणी एचआयव्ही-१ साठी असते. एचआयव्ही-२ बाधित आईच्या बाळाबाबत निर्णय अठरा महिन्यांनंतरच्या प्रतिपिंड चाचणीवरच होतो. बाळंतपण होण्याआधीच आईचा प्रकार माहीत असणे म्हणून आवश्यक ठरते.

वेगळ्या पडताळणीची व्यवस्था आहे. प्राथमिक चाचणीत एचआयव्ही-२ किंवा दोन्ही प्रकार दर्शविले गेल्यास लगेच शिक्कामोर्तब होत नाही, कारण एका प्रकारावरील प्रतिपिंडे कधी कधी दुसऱ्याच्या ठिपक्यालाही चिकटतात. दोन्ही ठिपके उमटले म्हणजे दोन्ही विषाणू आहेत, असे नव्हे. रुग्णाला औषधोपचार केंद्राकडे पाठविले जाते आणि तेथून रक्ताचा नमुना राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे ‘नॅको’ने, यासाठी नेमून दिलेल्या संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो. १९९२ मध्ये स्थापन झालेली भोसरीची ‘नारी’ ही देशाच्या या प्रयोगशाळा-व्यवस्थेतील शिखर संस्था आहे. तिचे नाव आता बदलले असले, तरी पुणेकर तिला जुन्याच नावाने ओळखतात.

तेव्हा वेगळ्या तपासणीची मागणी कोणी करावी? ज्याच्या जोडीदाराला वा आईला एचआयव्ही-२ असल्याचे निदान झाले आहे, त्याने. पश्चिम आफ्रिकेत वास्तव्य असताना असुरक्षित संबंध आला किंवा रक्त घ्यावे लागले, अशा व्यक्तीने समुपदेशकाला ते आवर्जून सांगावे. ज्याचा अहवाल पुन:पुन्हा ‘अनिश्चित’ येतो, त्याने. आणि पॉझिटिव्ह असूनही ज्याच्या कागदावर प्रकाराचा उल्लेख नाही, त्या प्रत्येकाने. मग निदान वीस वर्षांपूर्वीचे का असेना. जुन्या रुग्णांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच विचारावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते.

मंडईत सगळेच ओळखीचे

वैद्यकीय माहिती पुरेशी असली, तरी पाऊल अडते ते भीतीने. मंडईच्या परिसरात कोणाकडे पाहुणे आले, हेही भाजीच्या पिशवीवरून कळते. तेथे कोण कोणत्या दवाखान्याची पायरी चढला, हे लपत नाही. या भीतीला इतिहासही आहे. गोव्यात १९८९ मध्ये रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाची एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा त्यांना तेथील आरोग्य कायद्याचा आधार घेऊन ताब्यात घेण्यात आले आणि ६४ दिवस एकांतात डांबून ठेवण्यात आले. गुन्हा काय, तर रक्तात विषाणू सापडला.

कायद्याची बाजू त्यानंतर खूप बदलली. केवळ एचआयव्हीबाधित आहे म्हणून काम करण्यास सक्षम व्यक्तीला नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. संसदेने २०१७ मध्ये केलेला एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निदान गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, आणि नोकरी, शिक्षण, घर, उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई आहे. कायद्याने शेजाऱ्यांची नजर बदलत नाही, हे खरेच. पण आपल्याच पेठेतील केंद्रात जावे, अशी सक्तीही नाही. ससून रुग्णालयात किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात चाचणी मोफत होते. पेठेबाहेर, पिंपरी-चिंचवडला वा दुसऱ्या तालुक्यातही ती करता येते. १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता माहिती मिळते.

एक पळवाट मात्र कोणी वापरू नये. गणेशोत्सवात मंडळांची रक्तदान शिबिरे भरतात. रक्त दिले की एचआयव्ही तपासणी आपोआप होईल आणि कोणाला संशयही येणार नाही, असा हिशेब काही जण करतात. संसर्ग नुकताच झाला असेल आणि चाचणीत दिसण्याची मुदत पूर्ण झाली नसेल, तर ते रक्त निर्धोक समजून दुसऱ्याला दिले जाऊ शकते. शंका असणाऱ्याने रक्तदान टाळावे आणि केंद्रावर जावे.

धोक्याचा प्रसंग कालपरवाच घडला असेल, तर तपासणीची वाट न पाहता ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या, शासकीय रुग्णालय गाठावे. तेथे २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध मिळू शकते. ज्या व्यक्तीपासून धोका वाटतो तिला एचआयव्ही-२ असल्याचे माहीत असेल, तर डॉक्टरांना ते त्याच वेळी सांगावे, म्हणजे औषध त्यानुसार निवडता येते. इतरांनी तीन महिने मोजून तारीख ठरवावी आणि चाचणीचा कागद हाती आला की त्यावर ‘एचआयव्ही १ व २’ असे लिहिले आहे का, तेवढे पाहून घ्यावे. लिहिलेले नसेल, तर तेथेच विचारावे.